आठवीचं पुस्तक कोणासाठी हवंय?

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी आठवी, नववी आणि दहावीची गणिताची पुस्तकं मागितली, तेव्हा काउंटरवरच्या काकांनी वर न बघताच विचारलं, ''धाकट्या भावासाठी का?'' मी ''हो'' म्हणालो. मला धाकटा भाऊ नाही. मी वीस वर्षांचा होतो, चाकणच्या गोदामातली पहिली शिफ्ट संपवून तसाच पीएमपीएमएल पकडून आलो होतो, आणि ती पाचही पुस्तकं मलाच हवी होती. आठवीचं एक, नववी-दहावीचे भाग एक आणि दोन. घरी येताना ती सॅकच्या तळाशी घातली आणि वर डबा ठेवला. कुणी बघितलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. पण तेव्हा तसं वाटत नव्हतं.

गोष्ट सप्टेंबर २०२२ ची. त्याआधी अडीच वर्षं, म्हणजे मार्च २०२० मध्ये, मी बारावी सायन्सचे पेपर दिले आणि लॉकडाऊन लागला. बाबांचं हिंजवडीत कॅन्टीनचं काम होतं, ते आठवडाभरात बंद पडलं. त्या वर्षीची एमएचटी-सीईटी पुढे पुढे जात ऑक्टोबरमध्ये झाली. मी फॉर्म भरलेला होता, हॉल तिकीटही आलं होतं. पण तोवर गोदामात लागून तीन महिने झाले होते आणि घरात येणारा नियमित पगार तेवढा एकच होता. ''पुढच्या वर्षी बघू,'' असं सगळेच म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता कॉलेजात आहेत, तेव्हा हे आपल्यासाठी नाही असं वाटून पान उलटाल. थांबा जरा. तुमच्या बेंचवर वायडी लागून वर्षभर घरी बसून आलेलं कुणीतरी असेलच. कुणी बी.कॉम. करता करता डेटा सायन्सकडे बघत असेल आणि गणित दहावीनंतर सोडलेलं असेल. कुणी नीटसाठी ड्रॉप घेतलाय, कुणाची एम-थ्रीची केटी चौथ्यांदा राहिलीय. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: मध्ये खंड पडलाय, क्लासला पैसे नाहीत किंवा वेळ नाही, पुस्तक आणि आपण दोघंच आहोत. सुरुवात कुठून करायची?

मी चुकीच्या जागेवरून केली. सगळे करतात तसं थेट एक सराव परीक्षा दिली, 'लेव्हल कळावी' म्हणून. पेपर दोनशे मार्कांचा. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न एकेका मार्काचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे. मला ४१ मिळाले. आता यातली गंमत बघा. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. म्हणजे एकही प्रश्न न वाचता सगळीकडे 'ब' निवडला असता तरी सरासरी ५० पडले असते. अडीच वर्षांपूर्वी बारावी सायन्स झालेल्या माझी अवस्था न वाचणाऱ्यापेक्षा वाईट होती. कारण मी प्रामाणिकपणे साठेक प्रश्न कोरे सोडले होते. त्या रात्री मी मोबाइलवर 'गॅपनंतर इंजिनीअरिंग होतं का' असं काहीतरी शोधत बसलो. तुम्ही तसं शोधू नका. तिथे फक्त जाहिराती असतात.

दोन ढीग

मला वाटत होतं, सगळं विसरलंय. तीच खरी चूक होती, आणि ती कळायला एक गणित लागलं. बारावीच्या इंटिग्रेशनमधलं अगदी साधं: एक भागिले 'एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा', याचं संकलन करा.

मी अर्धा तास त्याच्याकडे बघत होतो. मग चिडून वहीच्या मागच्या पानावर त्याच्या पायऱ्या लिहिल्या. पहिली पायरी: खालच्या वर्गत्रिपदीचे अवयव पाडायचे. गुणाकार सहा, बेरीज वजा पाच, म्हणून (एक्स वजा दोन) आणि (एक्स वजा तीन). हे आठवीचं. दुसरी: त्या एका अपूर्णांकाचे दोन सुटे अपूर्णांक करायचे, एक भागिले (एक्स वजा तीन) वजा एक भागिले (एक्स वजा दोन). याला पार्शल फ्रॅक्शन म्हणतात, आणि हे बारावीचं. तिसरी: एक भागिले एक्सचं संकलन म्हणजे लॉग एक्स, हेही बारावीचंच. चौथी: दोन लॉगची वजाबाकी म्हणजे भागाकाराचा लॉग, हे अकरावीचं. उत्तर, (एक्स वजा तीन) भागिले (एक्स वजा दोन) याचा लॉग, अधिक सी.

आता प्रामाणिकपणे उत्तर दिलं. अवयव पाडता येतात का? पाच मिनिटं खुडबूड केली आणि आले. म्हणजे ते विसरलो होतो. एक भागिले एक्सचं संकलन? सूत्र आठवलं. लॉगचा नियम? तोही आठवला, पण असं का होतं, हे सांगता येईना. पार्शल फ्रॅक्शन? इथे मात्र डोक्यात पूर्ण अंधार. आणि मग लख्ख आठवलं, की बारावीतही मला हे कळलेलं नव्हतं. मी दोन नमुना गणितं पाठ केली होती आणि बोर्डाच्या परीक्षेत त्यातलंच एक आलं होतं.

हे दोन वेगवेगळे आजार आहेत. एक, विसरलेलं. दुसरा, कधीच न कळलेलं. मोठ्या खंडानंतर दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीत पान कोरं राहतं. पण औषध वेगळं आहे आणि त्याला लागणारा वेळ तर फारच वेगळा आहे.

विसरलेलं परत येतं, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर येतं. हे काही मनाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये विस्मरणावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोग त्यानं स्वतःवरच केले होते. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा, मग पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्यांदा किती कमी वेळ लागला ते मोजायचं. जे अजिबात आठवत नाही असं वाटत होतं, तेही दुसऱ्यांदा कमी वेळात पाठ होत होतं. त्या वाचलेल्या वेळाला त्यानं 'बचत' म्हटलं. मला हा शब्द फार आवडला. खात्यावर काहीतरी शिल्लक आहे, फक्त पासबुक सापडत नाहीये.

माझी दहावीची त्रिकोणमिती चार दिवसांत परत आली. निर्देशक भूमिती, घातांक, एकसामयिक समीकरणं, मोल काढणं हे सगळं पंधरा-वीस दिवसांत. याउलट इंटिग्रेशनला सात आठवडे लागले, आणि रोटेशनल मोशनला त्याहून जास्त. त्यांची बचत शून्य होती, कारण मुळात काही जमाच केलं नव्हतं. सात आठवडे एकाच प्रकरणावर गेले तेव्हा मला वाटत होतं की मेंदू गंजलाय. गंज वगैरे काही नव्हता. मी ते आयुष्यात पहिल्यांदा शिकत होतो, आणि पहिल्यांदा शिकायला तेवढा वेळ लागतोच.

म्हणून पहिला रविवार एवढ्यासाठीच द्या. अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका घ्या, प्रत्येक प्रकरणातलं एक मध्यम गणित काढा, ते पुस्तक न बघता सुरू करा आणि जिथे अडाल तिथे पायऱ्या सुट्या करा. प्रत्येक अडलेल्या पायरीपुढे 'वि' किंवा 'न' लिहा. विसरलो की न कळलेलं. इथे स्वतःशी खोटं बोलायचा मोह फार होतो, कारण 'विसरलो' म्हणणं इभ्रतीला बरं असतं. एक ओळखायची खूण सांगतो: एखादी पायरी दुसऱ्याला 'असंच असतं' म्हणून सांगावी लागत असेल, तर ती 'न'.

मागे जायचंच तर नेमकं जा, हेही सांगायला हवं. मी आठवीचं पुस्तक पहिल्या पानापासून सोडवायला घेतलं. आलेख, सूट-कमिशन, चौकोन रचना, सगळं. छान वाटत होतं, सगळं बरोबर येत होतं, वहीत बरोबरच्या खुणांची रांग लागली होती. तीन आठवडे गेले आणि त्यातलं निम्मं मला सीईटीला कधीच लागणार नव्हतं. सोपं सोडवत बसणं हीही एक पळवाट असते. मागच्या इयत्तांमधलं खरंच लागतं ते एवढंच: अपूर्णांक, अवयव, घातांक, एका आणि दोन चलांची समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, समरूप त्रिकोण, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीची ओळख. यात पक्के झालात की वर चढा. आणि माझं ऐकाल तर पहिले सहा आठवडे फक्त गणित करा. फिजिक्समध्ये अडणाऱ्या दहांपैकी सहा-सात जागा मला तरी गणिताच्याच सापडल्या.

बघणं म्हणजे करणं नव्हे

युट्यूबवर आज इतके चांगले शिक्षक आहेत की क्लास नाही ही सबब उरलेली नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, एनसीईआरटीची आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत. माझा त्रास वेगळाच होता. बसमध्ये जाता-येता रोज दीड तास मी व्हिडिओ बघायचो, सर गणित सोडवायचे, मी मान डोलवायचो. सगळं कळत होतं. महिन्यानं त्याच प्रकरणाचे वीस प्रश्न घेतले, तर चार आले.

हे माझ्या एकट्याचं नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं, लिहून काढणारे पुढे. म्हणजे वाचल्यावर किंवा बघितल्यावर जे 'आलं' असं वाटतं, ते खरंच आलेलं असतं, पण पाच मिनिटांपुरतं.

मग मी नियम केला. व्हिडिओ सुरू केला की सरांनी गणित लिहिलं रे लिहिलं, पॉज. आधी मी सोडवणार. बसमध्ये हे जमत नाही म्हणून बसमधले व्हिडिओ बंद केले आणि तिथे फक्त आठवायचं काम ठेवलं. काल केलेल्या प्रकरणाची सूत्रं, डोळे मिटून, एकेक करून. शेजारच्यांना वाटायचं झोपलोय. कधी कधी खरंच झोपायचो.

दुसरी एक वही मात्र मी अजून जपून ठेवलीय. चुकांची वही. तिच्यात गणित पूर्ण लिहायचं नाही, फक्त कुठे घसरलो ते एका ओळीत. 'वजा चिन्ह कंसाबाहेर काढताना आतलं बदललं नाही.' 'तासाला ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हे न करता थेट ७२ घातले.' 'प्रश्नात काय विचारलंय ते वाचलंच नाही, त्रिज्या विचारली होती, व्यास दिला.' दोन महिन्यांनी वाचलं तर लक्षात आलं की माझ्या चुका शेकडो नाहीत, अकरा-बारा आहेत. त्याच पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या चार तर आठवीच्या वयाच्या होत्या.

आणि हो, एका प्रकरणाची चाळीस गणितं एका दमात करू नका. दहा या प्रकरणाची, दहा गेल्या आठवड्याची, पाच महिन्यापूर्वीची, अशी सरमिसळ करा. करताना जास्त चुकतं, कंटाळाही येतो. पण परीक्षेत कुठला प्रश्न कुठल्या प्रकरणातला, हे वर लिहिलेलं नसतं. ते ओळखणं हाच अर्धा पेपर असतो.

हाताचा वेग

खंडानंतर सर्वात जास्त काय जातं, तर हाताचा वेग. अडीच वर्षं मी स्कॅनर धरला होता, पेन नाही. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. कॅल्क्युलेटर नाही. इथे मोबाइलवर बेरजा करायची सवय नडते. मला सोळा गुणिले सात थांबून आठवावे लागत होते.

केमिस्ट्रीचं उदाहरण घ्या. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? ज्याला लॉग टू म्हणजे ०.३०१० हे पाठ आहे, तो तीनमधून ते वजा करतो आणि २.६९९ लिहून पुढे जातो. पंधरा सेकंद. ज्याला पाठ नाही, तो प्रश्न येत असूनही अडकतो. लॉग टू आणि लॉग थ्री (०.४७७१) हे दोनच पाठ करा. फोर, सिक्स, एट, नाइन त्यातून निघतात, आणि लॉग फाइव्ह म्हणजे एक वजा लॉग टू. असे पाठ करण्यासारखे आकडे फार नाहीत, एका कागदावर मावतात. तीसपर्यंतचे वर्ग आणि पाढे मी बाथरूमच्या दारामागे लावले होते. आईनं विचारलं, ''अरे, हे कोणासाठी?'' तिला मात्र मी खरं सांगितलं. ती म्हणाली, ''मग जरा खाली लाव, मलाही दिसू दे.'' तिची नववीनंतर शाळा सुटली होती. पुढचे काही दिवस ती भाकरी करताना मला तेराचा पाढा विचारायची.

माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक. दहावीपर्यंत आपण 'त्वरण', 'संवेग', 'अवयव', 'छेद' म्हणतो आणि अकरावीत सगळं एकदम अॅक्सिलरेशन आणि मोमेंटम होतं. मला बारावीतही मोमेंटम आणि मोमेंट यांत गोंधळ व्हायचा, आणि मी तो गणित कच्चं असण्याच्या खात्यात टाकत होतो. खरं तर तो शब्दाचा गोंधळ होता. एक वही केली, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत. मधल्या रकान्यात माझ्या भाषेत अर्थ. दीडशेच्या आसपास शब्द झाले. त्यानंतर फिजिक्सचं पुस्तक अर्ध्या वेळात वाचून व्हायला लागलं.

आपल्याला आवडतं तेवढंच

एकट्यानं अभ्यास करण्याचा मोठा धोका आळस नाही. आवडता विषय हा धोका आहे. वर कुणी नसतं, वेळापत्रक आपलंच, मग पाय आपोआप आवडीच्या विषयाकडे वळतात. सर्वात मोठं उदाहरण रामानुजन यांचं. शाळकरी वयात त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचं गणितातल्या सूत्रांचं जाडजूड संकलन पडलं. त्यात हजारो निष्कर्ष होते, बहुतेकांच्या सिद्धता नव्हत्या किंवा नुसत्या सूचना होत्या. त्या पुस्तकावर ते एकट्यानं गणित शिकले. आणि त्याच गणितापायी बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष होऊन कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासला एफ.ए.ची परीक्षाही नापास झाले. रामानुजन यांना ते परवडलं म्हणू या. मला केमिस्ट्रीचे ५० मार्क सोडून देणं परवडणार नव्हतं. ऑरगॅनिक मला मनापासून आवडत नाही, अजूनही नाही. पण रोज रात्री दहाच्या सुमारास, बाकी काही सुचत नाही तेव्हा, चाळीस मिनिटं ते करायचंच असं ठरवलं, आणि मुकाट्यानं केलं.

अडलं तर विचारायचं कोणाला? मी पिंपरीतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली होती. तिथे सगळे एमपीएससीवाले, तीस-तीस वर्षांचे दादा लोक. पहिल्यांदाच कळलं की वयानं लाजणारा मी एकटाच आहे, आणि तिथे तर सर्वात लहान आहे. त्यातला एक बी.एस्सी. फिजिक्स झालेला. चहाच्या टपरीवर त्याला रोज एक शंका विचारायची, चहा मी पाजायचा, असा करार झाला. त्याच्यामुळे एक शिस्तही लागली. ''मला हे कळत नाही'' म्हटलं की तो उत्तर द्यायचा नाही. ''कुठपर्यंत कळतं ते सांग,'' म्हणायचा. निम्म्या वेळा ते सांगता सांगताच सुटायचं आणि चहा फुकट जायचा.

त्याआधी एका क्लासमध्येही चौकशी केली होती. तिथल्या काउन्सेलर मॅडमनं माझी मार्कशीट बघितली, बारावीचं साल बघितलं आणि म्हणाल्या, ''आता कशाला? डिस्टन्समधून बी.ए. करून टाक.'' डिस्टन्सला किंवा बी.ए.ला वाईट म्हणायचं नाही, पण त्या 'करून टाक'मधला सूर अजून लक्षात आहे. तसं कुणी म्हणालं तर बार्बरा ओकली हे नाव लक्षात ठेवा. शाळेत गणितात नापास होणारी, सैन्यात जाऊन रशियन शिकलेली मुलगी. सव्विसाव्या वर्षी तिनं पुन्हा शाळेच्या पातळीच्या बीजगणितापासून सुरुवात केली, आणि पुढे ती अमेरिकेत अभियांत्रिकीची प्राध्यापक झाली. गणित कसं शिकावं यावरचं तिचं पुस्तक २०१४ मध्ये आलं. तिनंही आधी मागेच पाऊल टाकलं होतं.

कागदपत्रांचं थोडं

अभ्यास सुरू करण्याआधी आपण बसू शकतो ना, एवढं बघून घ्या. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. एमएचटी-सीईटीला वयाची अट नाही. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली गेली. बारावीत बायोलॉजी नसेल तरी ते नंतर अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून करून नीटला बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ मध्ये जाहीर केलं. जेईई मेनला मात्र बारावी त्याच वर्षी किंवा आधीच्या दोन वर्षांत झालेली लागते, त्यामुळे मोठा गॅप असेल तर तो दरवाजा बंद असतो. अकरावी-बारावीच सुटली असेल तर एनआयओएस आहे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था. विज्ञान विषय प्रॅक्टिकलसह घेता येतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि पाच वर्षांच्या आत एकेक विषय सोडवत जाता येतं. नोकरी करणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. डेटा सायन्सकडे वळू पाहणाऱ्या कॉमर्सवाल्यांसाठी आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम आहे. तिथे आधी चार आठवडे शिकवतात आणि मग त्यावरच पात्रता परीक्षा घेतात.

आणि पुस्तकं कुठल्या सालची आहेत ते बघा. मी बारावी केली २०२० मध्ये, आणि राज्य मंडळाची बारावीची पुस्तकं नेमकी पुढच्याच वर्षी बदलली. जुन्या पुस्तकांवर मी तीन आठवडे घालवले होते. कपाटात जपून ठेवली म्हणून आईला केवढं कौतुक!

मार्चमध्ये नोकरी सोडली. हा निर्णय सोपा नव्हता आणि तो सगळ्यांनी घ्यावा असंही नाही. बाबांना तोवर पुन्हा एका मेसचं काम मिळालं होतं म्हणून जमलं. ते फक्त एवढंच म्हणाले, ''जूनपर्यंत बघतो मी.'' मे २०२३ मध्ये सीईटी दिली. मॅथ्सचे शेवटचे नऊ प्रश्न न वाचता भरले, कारण वेळ संपला होता. पर्सेंटाइल ८८ आलं. वर्तमानपत्रात फोटो येण्यासारखं नाही, पण कॅपच्या दुसऱ्या फेरीत पुण्याबाहेरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला.

पहिल्या सेमिस्टरला एम-वनच्या तासाला शेजारी बसलेल्या मुलाचं गणित पार्शल फ्रॅक्शनपाशी अडलं होतं. त्याचा एक दिवसाचाही गॅप नव्हता, बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क. ''दादा, हे असंच असतं ना?'' त्यानं विचारलं. त्याचाही 'न'चा ढीग होता, फक्त तो त्यानं कधी मोजला नव्हता.

प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट काकांकडे त्याचा ठरलेला मजकूर तयार असतो, नाव आणि वर्षं तेवढी बदलतात. त्यांनी कागद हातात दिला. त्यात लिहिलं होतं, '२०२० ते २०२३ या काळात अर्जदाराने कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.'

''काका, 'कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नाही' असं कराल का?''

''एकच की ते. फरक काय पडतो?''

''पडतो.''

त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ पुन्हा टाइप करायला घेतली.